हिरवा तुकडा
राज्याभिषेकाच्या दिवशी आम्ही पाथरवट नव्या सम्राटापुढे संगमरवराचे नमुन्याचे तुकडे ठेवून विचारतो, "थडगं कुठल्याचं करू, महाराज?" कॉन्स्टँटिनोपलची रीतच आहे. तबेल्यात घोड्यांना खरारा करण्यापासून गादीपर्यंत चढलेले नवे सम्राट निकांद्रोस हसले. "अरे, बूड तरी टेकू दे." मग कोपरा उडालेल्या हिरव्या तुकड्यावर त्यांनी अंगठा फिरवला. "हा घे." आम्ही थडगं घडवलं. चारपाच वर्षांत पुतण्याने त्यांचे डोळे काढले, त्यांना मठात धाडलं आणि स्वतः गादीवर बसला. त्याच्यापुढेही तुकडे ठेवले. त्याने नेमका हिरवा उचलला आणि ठेवून घेतला. परवा मठात गेलो, तर निकांद्रोस शेंगा सोलत बसले होते. "माझा हिरवा जपलास ना रे?" "जपलाय, महाराज. हा घ्या," म्हणत मी पांढरा हातात दिला. त्यांनी चारही कोपरे अंगठ्याने चाचपले. शेंगांकडे वळत म्हणाले, "म्हणजे पोरालाही हिरवाच आवडला."