पंचवीस कोटींची खिडकी

ओडेसाने काचेच्या खोलीचं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि ती जिन्याने खाली निघाली. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचं तिसरं सत्र नुकतंच सुरू झालं होतं. मागे चामड्याच्या सोळा खुर्च्या राहिल्या, सोळाही रिकाम्या. कोळंबीचं ताट हातात धरून उभा असलेला वेटर तेवढा चपापून बघत राहिला.

ती खोली तिच्या पोराच्या, जोनासच्या, संघाशी झालेल्या करारात होती. पाच वर्षं, पंचवीस कोटी डॉलर, आणि आईसाठी मैदानाच्या कोपऱ्यावरची ती काचेची खोली. पहिल्या दोन सामन्यांना चर्चमधल्या बायका हौसेने आल्या, फोटो काढून गेल्या. पुढे चार तासांचा रस्ता आणि थंडी, कोण येणार? आता ओडेसा एकटीच बसायची. काचेपलीकडे सत्तर हजार माणसं तोंडं उघडायची आणि इकडे जराही आवाज यायचा नाही. रविवारी रात्री जोनासचा फोन यायचा. "आई, खोली बरी आहे ना?" "बरी आहे, बाळा." संपलं बोलणं. ठेवणीतली भांडी पुसून कपाटात लावावीत, तसं पोराने आपल्याला वर लावून टाकलंय, असं तिला वाटायला लागलं होतं.

खाली विसाव्या रांगेत आर्लीन होती. गुडघ्यांवर घोंगडी, मांडीवर मक्याच्या पावाचं पुडकं. तिच्या शेजारच्या जागेवर, ओडेसाच्या जुन्या जागेवर, तिची पिशवी ठेवलेली होती.

सात वर्षं या दोघी इथे खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. ओडेसाचा जोनास क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा. आर्लीनचा डेव्हन त्याच्या डाव्या अंगाला भिंतीसारखा उभा राहायचा, कारण चेंडू फेकणाऱ्याला तिकडून येणारा माणूस दिसत नाही. पण संघाने एकूण किती पैसे वाटायचे याला मर्यादा असते. एकाच्या पानात एवढं वाढलं की दुसऱ्याला उठावं लागतं. वसंतात डेव्हन संघातून उठला.

"राणीसाहेब खाली कशा उतरल्या?" आर्लीन मान न वळवता म्हणाली.

"वर करमत नाही गं."

आर्लीनने पिशवी उचलून पायाशी ठेवली. ओडेसा बसली. मैदानामागच्या सरोवरावरून येणारा वारा तोंडावर सपासप लागत होता आणि तिला बरं वाटत होतं.

"डेव्हन?"

"ॲरिझोनात. कुणी जखमी झालं तर खेळायला बोलावतात. नाहीतर बसतो घरी."

"तुझा पोरगा नाही तिथे, मग तू कशाला येतेस?"

"नवरा होता तेव्हापासून माझी ही जागा आहे. ती काय डेव्हनच्या नोकरीवर होती?"

मैदानात जोनासचा चेंडू कुणाच्याच हाती न लागता गवतावर आपटला. मागच्या रांगेतला एक जण उठून ओरडला, "पंचवीस कोटी! अरे, माझी आजी याच्यापेक्षा लांब फेकते!" त्याच्या आजूबाजूचे खो खो हसले. ओडेसाने घोंगडीचं टोक मुठीत आवळलं.

"त्याने काही मागितलं नव्हतं," ती पुटपुटली.

"मागितलं होतं," आर्लीन म्हणाली. "मागायलाच हवं होतं. माझ्या डेव्हननेही मागितलं असतं." तिने पावाचा तुकडा मोडून ओडेसाच्या हातावर ठेवला.

ओडेसाने तो खाल्ला नाही. सहा महिने मनात सलत होतं, ते तिने विचारून टाकलं. "खरं सांग, आर्लीन. इतकं देण्यासारखा आहे का गं तो?"

आर्लीनने तोंड उघडलं, तेवढ्यात खाली पुढचा डाव सुरू झाला. डाव्या अंगाचा नवा पोरगा घसरला. त्याच्यावरून उडी मारून एक धिप्पाड खेळाडू सरळ जोनासच्या पाठीत घुसला. जोनासला तो दिसलाच नाही. आवाज विसाव्या रांगेपर्यंत आला. ओडेसाने डोळे गच्च मिटले.

सगळीकडे शांतता पसरली. मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या वाजवतोस? हात मोडून ठेवीन तुझे!" ही आर्लीन होती. तिने ओडेसाचं मनगट घट्ट धरलं होतं. "उठला. उठला बघ. उघड डोळे."

ओडेसाने डोळे उघडले. जोनास उभा होता, पण झोकांड्या खात होता. सोबतचे खेळाडू त्याच्याशी बोलत होते, कडेला प्रशिक्षक हात हलवत होता. जोनास कुणाकडेच बघत नव्हता. मान मागे टाकून वर कुठेतरी बघत होता.

"काय झालं त्याला? काय बघतोय तो?"

"तुझी खिडकी," आर्लीन म्हणाली. "दर वेळी तुला शोधतो, पूर्वी इथे, आता तिथे. पडला की उठून आधी हेच. तू दिसलीस की मग पुढचं."

"मला कधी... कुणी मला..."

"तुला कसं कळणार? सात वर्षं बघतेय ना मी. त्याला धक्का लागला की तू डोळे मिटतेस, ते पुढचा डाव सुरू होईपर्यंत."

ओडेसा उठली. खुर्चीवर चढली, दोन्ही हात वर करून ओरडली, "जोनास! अरे, मी इथे आहे!" वाऱ्याने तो आवाज उचलला आणि सत्तर हजारांच्या कोलाहलात टाकून दिला. पंचाने शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. जोनास जागचा हलला नाही. रिकाम्या काचेवर ऊन चमकत होतं.

"खाली उतर," आर्लीनने तिला हाताला धरून उतरवलं आणि जिन्याकडे ढकललं. "पळ वर. अजून बघतोय तो."