धारोष्ण

"तीन दिवसांपूर्वी चाचणीसाठी टोचलं तिथेच सूज आलीय," कवडीच्या मानेवरची कातडी मोजत गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाईला क्षय आहे. हिचं कच्चं दूध कोण पितं?"

"आमच्या घराण्यात दूध धारोष्णच पितात," मी ठणकावून सांगितलं. "पेला कासेखाली धरायचा आणि फेसासकट ओठांना लावायचा. माझी नात दोन वर्षं त्याच दुधावर वाढते आहे."

"नाही वाढत," गोठ्याच्या दारातून सून म्हणाली. "तुम्ही पूजेला बसलात की मी तिचं दूध उकळून घेते."

पोर वाचली याचा आनंद व्हायला हवा होता. उसळला तो संताप. "माझा शब्द मोडलास? मला न विचारता?"

"विचारलं होतं की. तेव्हा तुम्ही दुधाचं पातेलं अंगणात भिरकावलंत."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "आणि आजी, तुम्ही स्वतः कसं पिता?"

उत्तर सुनेने दिलं, नजर खाली ठेवून, आदराने. "त्यांना रोज धारोष्णच देते. तेवढ्या बाबतीत त्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही."