चित्रांची वही

"चहा घेणार न्हवं?" बयाबाईनं विचारलं.

"व्हय," सयाजी म्हणाले आणि डाव्या हातानं कप असा ढकलला, की निम्मा चहा तिच्या पदरावर आला.

सगळा वर्ग बघत होता. नऊ पेशंट, नऊ नातेवाईक आणि आक्का. बयाबाईनं मनात मोजून ठेवलं होतं. एवढ्यांत आपल्या नवऱ्याचं काहीच न कळणारी आपण एकटीच, हेही तिनं मोजलं होतं.

"पाच महिनं असंच चाललंय," ती शेजारणीला म्हणाली. "व्हय म्हणत्यात आणि ढकलत्यात. न्हाय म्हणत्यात आणि डोळं वटारत्यात. माणसानं करायचं तरी काय?"

"त्याला तुज्या हातचं नगं असंल," मागच्या खुर्चीवरनं आक्का म्हणाली.

आक्का ही सयाजींची थोरली बहीण, मलकापूरची. कोल्हापूरच्या दवाखान्यात दर गुरुवारी लकव्याचे पेशंट आणि घरच्यांसाठी हा वर्ग भरायचा. आक्का त्याला न बोलावता यायची. भावाच्या काळजीनं किती आणि भावजयीवर नजर ठेवायला किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

फळ्यावर दर आठवड्याला तेच लिहिलेलं असायचं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, तर लगेच दवाखाना. साडेचार तासांच्या आत. बयाबाई फळ्याकडं बघायचं टाळायची.

कारण त्या दिवशी सकाळी सातला सयाजींच्या उजव्या हातातनं दुधाची किटली पडली आणि तोंड वाकडं झालं. दवाखाना गाठला तेव्हा दिवेलागण झाली होती. मधल्या वेळात काय केलं? अंगावरनं वारं गेलंय म्हणून तेल चोळलं. दुपारी आक्का कबुतर घेऊन आली, मग त्याच्या ताज्या रक्तानं चोळलं. डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले, "लवकर आणायला हवं होतं."

तेवढं एक वाक्य आक्कानं मलकापूरपासून राधानगरीपर्यंतच्या सगळ्या पावण्यांत फिरवलं. "बयानं उशीर केला. माझा भाऊ लुळा केला."

बयाबाईकडं त्यावर एकच उत्तर होतं. रोज संध्याकाळी दिवा लावला की ती नवऱ्यापुढं बसायची. "त्या दिवशीचा राग हाय का वं?" सयाजी म्हणायचे, "न्हाय." मग तिला घास जायचा. चार पावणे जमले की ती मुद्दाम त्यांच्यासमोर विचारायची आणि ते न्हाय म्हणाले की आक्काकडं बघायची.

"वह्या आणल्यात का सगळ्यांनी?" वर्ग घेणाऱ्या दीपा मॅडमनी टाळी वाजवली. बोलता न येणाऱ्या पेशंटला बोट ठेवून सांगता यावं म्हणून प्रत्येकानं चित्रांची वही करून आणायची होती. बयाबाईनं आक्काला वगळून घरातल्यांचे फोटो पहिल्या पानावर लावले होते आणि पुढं नातीची, मोनाची, जुनी अंकलिपी कापून चिकटवली होती. कपबशी, नळ, म्हैस, पंखा. पक्ष्यांचं पान बिनकामाचं होतं, पण टाकायला जीव होईना, म्हणून तेही चिकटवलं.

"सयाजीला आता मोर मागायचाय व्हय गं?" आक्का म्हणाली. दोघं-तिघं हसले.

मॅडम सयाजींपुढं बसल्या. "मामा, तुमचं नाव सयाजी?"

"न्हाय."

"तुम्ही बाई आहात?"

"व्हय."

आता सगळेच हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दोन कार्डं टेबलावर ठेवली. हिरव्यावर बरोबरची खूण, लालवर फुली. तेच दोन प्रश्न परत विचारले. तोंडानं परत तीच उत्तरं आली, पण डाव्या हातानं पहिल्याला हिरवं उचललं आणि दुसऱ्याला लाल.

"मावशी, यांना सगळं कळतंय. तोंडातनं तेवढं उलटं निघतंय. इथनं पुढं तोंडाचं ऐकू नका, हाताचं बघा."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. शेजारणीनं बयाबाईचा हात दाबला. बयाबाई हसली, आणि मग मनातल्या मनात एकेक उत्तर उलटं करत मागं मागं गेली. चहा नको होता. पंखा हवा होता. डाळीत मीठ कमी होतं. असं करत करत ती संध्याकाळच्या दिव्यापाशी आली आणि थांबली.

आक्का तिथं तिच्या आधीच पोचली होती.

"आता इचार की. त्या दिवशीचं."

"घरी गेल्यावर इचारीन, आक्का."

"का? पावण्यांम्होरं बरं इचारत हुतीस! हितंच इचार."

बयाबाईनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमना काही ठाऊक नव्हतं. "विचारा की मावशी. चांगला सराव होईल."

"त्या दिवशी उशीर झाला," बयाबाई म्हणाली. "राग हाय का वं?"

"न्हाय," सयाजी म्हणाले.

हातानं हिरवं कार्ड उचललं.

"बघा!" आक्का खुर्चीवरनं उठलीच. "मी काय सांगत हुते? माझं पटत नव्हतं कुणाला!"

बयाबाईला पुढचं नीट ऐकू येईना. मॅडमनी तिच्या मांडीवरची वही उघडली आणि घरच्या फोटोंचं पान सयाजींपुढं धरलं. "मामा, राग कुणावर? बोट ठेवा."

सयाजींचं बोट आधी बयाबाईच्या फोटोवर आलं. तिनं डोळे मिटले. कागद सळसळला तसे उघडले. सयाजी स्वतःच पानं उलटत होते. कपबशी गेली, नळ गेला, म्हैस गेली.

"त्याला प्रश्नच कळला न्हाय," आक्का म्हणाली.

सयाजींचं बोट पोपटावरनं सरकलं, मोरावरनं सरकलं आणि कबुतरावर जाऊन टेकलं.