पुन्हा तेच अस्वल

नाताळच्या दुपारी लेकीने पुन्हा तोच अस्वलाचा कार्टून सिनेमा लावला आणि बाबांचं डोकं फिरलं. त्या सिनेमातला बर्फ त्यांनीच काढला होता. सलग तीन वर्षं स्टुडिओत मान मोडून, कणन् कण. पुढे कित्येक महिने चहात साखर घालतानाही त्यांच्या अंगावर काटा यायचा.

"अगं, जगातले बाकीचे सिनेमे काय संपले? एवढी घोडी झालीस, तरी दर नाताळला हेच!"

"मला आवडतो."

"काय डोंबल आवडतो! त्या अस्वलाला धड चालता येत नाही, आणि गोष्टीला ना शेंडा ना बुडखा."

लेकीने रिमोट उचलून उशीखाली सरकवला. "गोष्ट कोण बघतंय?"

"मग काय, माझं कपाळ बघतेस?"

पडद्यावर अस्वल रान तुडवत निघालं होतं आणि वरून बर्फ भुरभुरत होता.

"बर्फ बघते," ती नजर न हलवता म्हणाली. "त्या तिन्ही नाताळांना तू घरी आला नव्हतास ना, बाबा? तेव्हा कुठे होतास, ते बघते."