एक ते चार बंद

"काका, नवरी बगा." योगेशने फोटोंचा गठ्ठा काउंटरवर आपटला. "आन् आता मागचा आचारी बगा."

नागोरावांनी वरचा फोटो उचलला. अक्षता पडत होत्या. नवरीचा चेहरा धुक्यात गेल्यासारखा दिसत होता. तिच्यामागे मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या मिशीचा मात्र केस न् केस उठला होता.

"पोरीचा बाप म्हनतो, पैसे आचाऱ्याकडनं घे."

योगेश लोणी काळभोरचा. लग्नाचे फोटो काढायचा. याच कॅमेऱ्याची हीच तक्रार घेऊन तो तिसऱ्यांदा आला होता. नागोराव वैतागले. बुधवार पेठेतल्या या खोलीवजा दुकानात त्यांचं उभं आयुष्य कॅमेरे दुरुस्त करण्यात गेलं होतं. एके काळी लग्नसराईत इथे उभं राहायला जागा नसायची. गेल्या वर्षभरात एकेक फोटोग्राफर यायचा थांबला. डिजिटल आलं, दुसरं काय, असं नागोराव विचारेल त्याला सांगत, आणि न विचारणाऱ्यालाही. नेमाने येणारा हा एकच उरला होता.

"आण इकडे."

त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. फिल्मच्या जागी दुधी काच बसवली, तिच्यावर भिंग टेकवलं आणि लेन्स दाराबाहेर रोखली. रस्त्यापलीकडे पूर्णिमाबाईंचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांच्या पिवळ्या पाटीवरची सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ हे नागोरावांचं माप. डावा डोळा मिटायचा, उजवा भिंगाला लावायचा आणि ती ओळ ठसठशीत उठेपर्यंत लेन्स फिरवायची. उठली की तिथेच आतले स्क्रू आवळून टाकायचे. काचेवर सगळं उलटं दिसतं, पण वाचायचं कुणाला होतं? ओळ तोंडपाठ होती.

"पास," ते म्हणाले. "कॅमेऱ्याला धाड भरलेली नाही. तू डोळे तपासून घे."

"माजे?"

"मग काय माझे? वर्षभर निम्म्या पुण्याला हेच सांगतोय. डोळे यांचे बिघडणार आणि खापर माझ्या कामावर फोडणार! माझ्याकडे बघ. साठी आली. मागच्या वर्षीपर्यंत पेपर वाचायला चष्मा लागायचा, आता तोही सुटला."

"मग समोरच दावून येतो."

"आत्ता कुठे निघालास? दुपारी एक ते चार बंद. पाटीवर लिहिलंय तसं. रोज बघतो मी."

"उघडंच हाय की," असं म्हणत योगेश रस्ता ओलांडूनही गेला.

परत आला तेव्हा त्याने काउंटरला हात लावला नाही. उंबऱ्यातूनच बोलला. "डोळं ठनठनीत हायेत. बाई म्हनल्या, पाठवनाऱ्यालाच घिऊन ये. काका, राग मानू नका, पर माजा कॅमेरा द्या. परवा पुन्हा लगीन हाय. मी दुसरीकडं दावतो."

दुसरीकडं! नागोरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेरा काखोटीला मारून तेच रस्त्यात उतरले. एक रिक्षा कचकन थांबली. रिक्षावाल्याने त्यांना आंधळे आहात का म्हणून विचारलं. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाई, येईल त्याचे डोळे ठीक म्हणून सांगता," ते दारातूनच कडाडले. "मग बिघडलंय काय? माझं काम?"

"बसा, नागोराव." पूर्णिमाबाई चष्म्याची काच पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बसायला आलेलो नाही. आणि आज दुपारी उघडं कसं?"

"दसऱ्यापासून उघडंच असतं. खराडीची कंप्युटरवाली मुलं सवड काढून दुपारीच येतात. 'एक ते चार बंद' ही खालची ओळ तेव्हाच पेंटरकडून बदलून घेतली." त्यांनी काच उजेडात धरली. "आपण दिवसभर आमच्या पाटीवर लेन्स रोखून असता. म्हटलं, पहिल्यांदा आपल्याच लक्षात येईल."

नागोराव उंबरा ओलांडून आत आले.

"पेपर बिनचष्म्याचा वाचता म्हणे. तो फोटोवाला मुलगा सांगत होता."

"वाचतो. मग?"

"मोतीबिंदू धरू लागला की काही जणांना तसं होतं. जवळचं अचानक सुधारतं. माणूस खूश होतो. लांबचं गेलेलं कळत नाही, कारण दुसरा डोळा सांभाळून घेतो." आता त्यांनी मान वर केली. "आपण पाठवलेल्यांपैकी एकाचेही डोळे बिघडलेले नव्हते. कॅमेरा कोणत्या डोळ्याने तपासता?"

नागोरावांचा हात आपसूक उजव्या डोळ्याकडे गेला.

ते बाहेर पडले. रस्ता ओलांडून स्वतःच्या दुकानाच्या दारात आले. उंबऱ्याशी योगेश उभा होता. त्याच्या हातात त्यांनी कॅमेरा दिला. "जा," ते म्हणाले, "दुसरीकडेच दाखव." मग ते वळले. कामाच्या सवयीने डावा डोळा मिटला. समोर पिवळा पट्टा होता आणि त्याच्या तळाशी एक काळसर रेघ. दसऱ्यापासून प्रत्येक कॅमेरा त्यांनी त्या रेघेवर पास केला होता.

त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डावा उघडला. रेघेची अक्षरं झाली.

अंधुक दिसतंय? आत या.