कासऱ्याची हजेरी

पंतोजींनी पायाचा अंगठा हळूच मागे ओढला. अंगठ्याला बैलाच्या कासऱ्याचं टोक बांधलेलं होतं. तो कासरा त्यांच्या धोतराखालून, सतरंजीखालून, मागच्या खोलीच्या दाराच्या फटीत गेला होता. समोर तपासणीला आलेले डिप्टी साहेब बसले होते. बाजूला महादेवराव पाटील. शाळा त्यांच्याच ओसरीत भरे.

फटीतून उत्तर आलं. एक ओढ. ती जमुना. मग दुसरी. तो गोवर्धन. तिसरीला वेळ लागला. तिला रोजच वेळ लागे. नत्थूला आधी ओढ कळायची, मग ती आपल्यासाठी आहे हे कळायचं, मग हात हलायचा. तोवर शाळेत कोणी बोलायचं नाही, असा नियम होता.

तिसरी ओढ आली. पंतोजींनी श्वास सोडला.

त्या साली अमेरिकेत लढाई चालू होती आणि विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता. प्रत्येक धडधाकट पोर वेचणीला गेलं होतं. शाळेत तिघंच उरली. जमुनाचे डोळे देवीच्या साथीत गेले होते. गोवर्धनला ऐकू येत नव्हतं. नत्थूला गाव खुळा म्हणे. पंतोजींनी हजेरीसाठी तिघांच्या हातात एक कासरा दिला आणि पाटीवर डिंकाने सरकी चिकटवून अक्षरं केली. जमुना आता बोटांनी वाचू लागली होती.

सकाळी पाटील म्हणाले होते, "एक आंधळी, एक बहिरा, एक खुळा! साहेब इचारन, पंतोजी, हे शाळा आहे का धरमशाळा? शाळेचं नाव कापून जाईन तो. आजच्या दिवस या तिघायले कापसाच्या खोलीत बसवा. मी वेचणीवरून सात पोट्टे आणतो. तुमच्याच हातचे आहेत."

"मले भेव वाटते, पाटील."

"साहेबाचं? अजी, मी आहो ना."

पंतोजींनी स्वतःच मुलांना आत नेलं होतं. "काही झालं तरी आवाज काढायचा नाही," त्यांनी जमुनाला सांगितलं. गोवर्धनच्या ओठांवर बोट ठेवलं. नत्थूच्या मुठीत कासऱ्याचं शेवटचं टोक दिलं.

आता ओसरीत सात पोरं सत्तावीसचा पाढा म्हणत होती. बोंडांनी ओरबाडलेली बोटं त्यांनी मांडीखाली दडवली होती. साहेब डोलत होते.

"अमरावतीतही असा पाढा ऐकला नाही, पंतोजी." त्यांनी शेरा लिहायला वही उघडली, लेखणी उचलली.

तेवढ्यात दाराच्या फटीतून कापसाचं एक पुंजकं बाहेर आलं. मग दुसरं. वारा तर पडलेला होता. पंतोजींनी वर पाहिलं. धाब्यावर, खोलीच्या सपाट मातीच्या छतावर, पावलं वाजत होती. शेतातून गाडी आली होती. गाडीतला कापूस धाब्यावर चढवायचा आणि झरोक्यातून खोलीत ओतायचा, हे गड्यांचं रोजचं काम. आत मुलं आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कापूस पडताना आवाज होत नाही.

पंतोजींनी अंगठा ओढला. एक. दोन. ते तिसरीसाठी थांबले.

"सत्तावीस आठे दोनशे सोळा," पोरं म्हणाली.

त्यांनी पुन्हा ओढला. या वेळी एकच ओढ आली.

त्यांच्या कपाळावर घाम आला. पाटलांनी ते पाहिलं आणि डोळ्यांनीच बजावलं, बसा. साहेबांची लेखणी वहीवर चालू लागली होती.

पंतोजींनी अंगठ्याचा कासरा सोडवला आणि ते उठले. "साहेब, हे माही शाळा नाही. माही शाळा आत आहे." दाराकडे धावताना ते वर बघून ओरडले, "थांबवा रे! ओतू नका! लेकरं आहेत आत!"

दार उघडताच कापूस ओसरीत ढासळला. त्याच्यासोबत जमुना आली, केसांपासून पायांपर्यंत पांढरी. तिने ओठ घट्ट मिटलेले होते.

"बोल, माय. आता बोल."

"गोवर्धनचा हात माह्या हातात आहे," ती खोकत म्हणाली.

त्यांनी गोवर्धनला बाहेर ओढलं. मागे दारभर कापूस होता. नत्थू नव्हता. पाटील धोतर खोचून आत शिरायला निघाले.

"पाय देऊ नका!" जमुना किंचाळली. "तो खाली आहे."

साहेबांनी कासरा दोन्ही हातांनी धरला.

"ओढू नका," हातातला कासरा हललेला कळताच जमुना म्हणाली, "त्याच्या हातून सुटन. एकदा हालवा. त्यानं ओढलं, का कासरा ताणन. जिकडं ताणन तिकडंच उपसा."

साहेबांनी कासरा एकदा हलवला. काही झालं नाही. पाटलांनी तोंड उघडलं.

"बोलू नका," जमुना म्हणाली. "त्याले येळ लागते."

"किती?" साहेबांनी हळूच विचारलं.

तिने ओठांवर बोट ठेवलं. सात पोरं उभी राहिली होती. गोवर्धनने कासऱ्यावर नुसतं एक बोट टेकवलं होतं. पंतोजीही नियमाप्रमाणे गप्प होते. उघड्या वहीवर, ओल्या शाईवर कापसाचे तंतू बसत होते.

साहेबांच्या मुठीतला कासरा ताणला गेला. जेमतेम. एकदाच.

"हजर," जमुना म्हणाली.