हात वर करायची जागा

"मामी, आता थांबायचं! हात वर!" भाची ओरडली आणि नाचणारी अख्खी वरात जागच्या जागी थांबली. स्पीकरही गप्प झाले.

यंदाच्या हिट गाण्यातली ही गंमत होती. जुन्या वरातींचे व्हिडिओ ऐकून एक एआय यंत्र दर लग्नसराईला नवं गाणं रचायचं. हे गाणं मात्र ऐन रंगात आलं की मधेच क्षणभर गप्प व्हायचं.

शेवंतामामींना ती जागा ओळखीची होती. अशाच एका वरातीत, व्हिडिओ शूटिंग चालू असतानाच, क्लॅरिनेट वाजवताना त्यांचे यजमान हिंदुराव याच ओळीवर कोसळले होते. ओळ अर्धीच राहिली, आणि तेही परत उठले नाहीत.

सगळे हात वर करून हसत उभे होते. मामींनी राहिलेले सूर हळूच गुणगुणले. शेजारी कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं.

पुढच्या लग्नसराईत नवं गाणं आलं. पुन्हा वरात थांबली, हात वर गेले. या खेपेला त्या शांततेत एक बाई गुणगुणत होती, आणि तिच्या मागोमाग धापा टाकत एक क्लॅरिनेट ओळ पुरी करत होतं.

"दमानं घ्या हो," मामी स्पीकरकडे बघून पुटपुटल्या. "आता घाई न्हाई."